शेतात खडू पसरला आणि २९ वर्षं वाट पाहिली: घरालाच प्रयोगशाळा बनवणाऱ्या डार्विनची गोष्ट

तारीख २० डिसेंबर १८४२. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं डाऊन नावाचं छोटंसं गाव. गावाजवळच्या एका कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले गेले. हे खत नव्हतं आणि रस्त्याचं कामही नव्हतं. नुकताच या गावात राहायला आलेल्या ३३ वर्षांच्या एका माणसाला बघायचं होतं की हे तुकडे जमिनीत किती खोल जातात आणि त्याला किती वेळ लागतो.

उत्तर मिळालं नोव्हेंबर १८७१ मध्ये. म्हणजे तब्बल २९ वर्षांनी.

हा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. त्याचं नाव घेतलं की आपल्याला आठवतं ते माकडापासून माणूस होतानाचं चित्र, बीगल जहाज, गॅलापागोस बेटं आणि उत्क्रांतीवाद. पण जहाजाचा प्रवास होता जेमतेम ५ वर्षांचा. त्यानंतर डार्विन कधीच देशाबाहेर गेला नाही. पुढची ४० वर्षं तो एकाच घरात राहिला. त्याच्या दिमतीला विद्यापीठाची प्रयोगशाळा नव्हती आणि तो कुठं नोकरीलाही नव्हता. त्याच्याकडं होत्या बाटल्या, कुंड्या, बशा, एक बाग आणि प्रश्न.

त्याच प्रश्नांची आणि घरातल्या घरात शोधलेल्या उत्तरांची ही गोष्ट.

शाळेत पडलेलं नाव: 'गॅस'

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावातला. वडील रॉबर्ट नावाजलेले डॉक्टर होते. आई सुझाना गेली तेव्हा चार्ल्स ८ वर्षांचा होता.

शाळेत त्याचं मन रमायचं नाही. तिथं भर होता तो प्राचीन भाषा आणि पाठांतरावर. याच काळात मोठा भाऊ इरॅस्मस यानं बागेतल्या अवजारांच्या खोलीत रसायनांचे प्रयोग सुरू केले आणि धाकट्या चार्ल्सला मदतीला घेतलं. दोघं भाऊ तिथं वेगवेगळे वायू तयार करत बसायचे. ही बातमी शाळेत पोहोचली आणि मुलांनी त्याला 'गॅस' म्हणून चिडवायला सुरुवात केली. मुख्याध्यापकांनी तर असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतो म्हणून सगळ्यांसमोर त्याची कानउघाडणी केली.

पुढं म्हातारपणी आपल्या शिक्षणाचा हिशेब मांडताना डार्विननं या अवजारांच्या खोलीला मोठं श्रेय दिलं. प्रयोग करून बघणं म्हणजे काय असतं, हे तो तिथं शिकला होता.

वडिलांनी त्याला डॉक्टर करायला एडिंबराला पाठवलं. भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया बघून तो पळाला. मग पाद्री करायचं म्हणून केंब्रिजला धाडलं. तिथं त्याला नाद लागला भुंगेरे गोळा करायचा. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले, ते त्यानं दोन हातांत धरले. तेवढ्यात तिसरा दिसला. तोही हवाच, म्हणून त्यानं हातातला एक सरळ तोंडात टाकला. त्या भुंगेऱ्यानं जीभ भाजेल असा रस सोडला, डार्विनला तो थुंकावा लागला आणि तिसराही हातचा गेला.

मामा नसता तर?

डार्विनच्या आयुष्यात एका माणसाचं ऋण फार मोठं आहे, ते म्हणजे त्याचा मामा जोसाया वेजवुड.

१८३१ मध्ये बीगल जहाजावर जायची संधी आली तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला होता. मामानं मध्यस्थी केली, वडिलांची एकेक शंका खोडून काढली आणि मग परवानगी मिळाली. २७ डिसेंबर १८३१ ला जहाज निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ ला परत आलं.

परत आल्यावर वर्षभरानं डार्विन मामाकडं गेला होता. मामानं त्याला आपल्या शेतात नेलं आणि एक गंमत दाखवली. काही वर्षांपूर्वी शेतात चुना आणि कोळशाची राख पसरली होती. ती आता दिसत नव्हती. खणून पाहिलं तर काही इंच खाली तिचा सलग थर होता. मामाचा तर्क असा की हे काम गांडुळांचं. गांडुळं खालची माती खातात आणि विष्ठा वर आणून टाकतात. थोडी थोडी करत ती माती वरच्या गोष्टींना झाकून टाकते.

जग फिरून आलेल्या भाच्यानं ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. नोव्हेंबर १८३७ मध्ये त्यानं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेत यावर निबंध वाचला. पण एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. हे किती वेगानं होतं, ते आपण स्वतः मोजायला हवं, असं त्याच्या मनात राहिलं.

जानेवारी १८३९ मध्ये डार्विनचं लग्न झालं, याच मामाच्या मुलीशी, एमाशी. या नात्याचा उल्लेख पुढं पुन्हा येणार आहे.

घर हीच प्रयोगशाळा

सप्टेंबर १८४२ मध्ये डार्विन कुटुंब लंडन सोडून डाऊनला राहायला आलं. लंडनपासून हे अंतर साधारण २६ किलोमीटर. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्यानं कुरणावर खडू पसरला आणि मामानं दाखवलेल्या गोष्टीचं मोजमाप सुरू झालं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डार्विन श्रीमंत होता. वडिलांचा पैसा होता, घरात नोकरचाकर होते आणि पोटापाण्याची चिंता नव्हती. ही सवड फार कमी लोकांच्या वाट्याला येते. पण तब्येतीनं मात्र त्याला साथ दिली नाही. उलट्या, धडधड, थकवा. कित्येक दिवस तर काहीच काम व्हायचं नाही, आणि बरं असलं तरी दिवसाचे मोजके तास. त्याचा आजार नेमका कोणता होता यावर अजूनही वाद चालू आहेत.

त्यामुळं प्रयोग असे हवे होते की जे थोडा वेळ बघून सोडून देता येतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघता येतील. साधनंही तशीच साधी होती. लांबी मोजायला घरात सगळे वापरायचे तीच तीन फुटी पट्टी. मोठी पट्टी हवी तर गावच्या सुतारानं करून दिलेली. द्रव मोजायला औषधवाल्याचा काचेचा पेला, तोही ओबडधोबड खुणांचा. आपल्या साधनांवर त्याचा एवढा विश्वास होता की दोन सूक्ष्ममापकांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत हे कळलं तेव्हा तो चकित झाला होता.

मात्र एका बाबतीत तो कडक होता. आपल्या मताच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट दिसली की ती ताबडतोब लिहून ठेवायची. कारण अशा गोष्टी मन लवकर विसरतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

मिठाच्या पाण्यातल्या बिया

१८५५ साल. डार्विनच्या डोक्यात उत्क्रांतीची कल्पना तयार होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती छापली नव्हती. एक मोठी अडचण समोर होती.

समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटांवर झाडं कुठून आली? त्या काळात दोन उत्तरं दिली जायची. एक म्हणजे ती तिथंच वेगळी निर्माण केली गेली. दुसरं म्हणजे पूर्वी बेटांपर्यंत जमिनीचे पूल होते, ते नंतर बुडाले. डार्विनला दोन्ही पटत नव्हती. त्याला वाटत होतं की बिया समुद्रातून वाहत गेल्या असाव्यात. पण खाऱ्या पाण्यात बी मरतं, हे तर सगळेच गृहीत धरून बसले होते.

डार्विननं एक साधी गोष्ट केली. घरीच समुद्रासारखं खारं पाणी तयार केलं, बाटल्यांत भरलं आणि त्यात बिया टाकल्या. कोबी, मुळा, गाजर, कांदा, सेलरी, जे मिळेल ते. काही बाटल्या बाहेर ठेवल्या, तर काही बर्फानं भरलेल्या टाकीत. ठराविक दिवसांनी बिया काढायच्या, मातीत पेरायच्या आणि उगवतात का ते बघायचं.

घरभर वास सुटला. काही बियांमुळं पाणी इतकं सडायचं की ते सारखं बदलावं लागायचं. त्याचा मित्र आणि मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याला वाटत होतं की बिया काही दिवसांतच मरतील. घरातल्या मुलांना मात्र यात शर्यत दिसत होती. बाबा हूकरकाकांना हरवणार का, हे ती रोज विचारायची.

निकाल काय लागला? ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवले. काही तर १३७ दिवसांनंतरही.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण डार्विनच्या लक्षात आलं की आपण भलत्याच गोष्टीवर खूश झालो. बिया जिवंत राहतात हे खरं, पण बहुतेक बिया पाण्यात बुडतात! तळाशी गेलेलं बी बेटावर पोहोचणार कसं?

मग त्यानं दुसरा प्रयोग केला. नुसत्या बियांऐवजी फळं लागलेल्या फांद्या आणि रोपं घेतली आणि ती आधी वाळवली. ९४ पैकी १८ प्रकार २८ दिवसांपेक्षा जास्त काळ तरंगत राहिले. ताजं हेझलनट लगेच बुडायचं, तेच वाळवलं की ९० दिवस तरंगायचं आणि नंतर उगवायचंही. मग समुद्राच्या प्रवाहांचा सरासरी वेग, म्हणजे दिवसाला ३३ मैल, धरून त्यानं हिशेब मांडला. त्यातून निघालं की एखाद्या प्रदेशातल्या १०० पैकी साधारण १४ वनस्पतींच्या बिया ९२४ मैल वाहत जाऊनही उगवण्याच्या स्थितीत राहू शकतात. म्हणजे जवळपास १,४८७ किलोमीटर.

बुडालेल्या पुलांची गरज उरली नाही.

एका कपात ५३७ रोपं

मग त्याला वाटलं, पक्ष्यांच्या पायाला चिकटलेल्या चिखलातूनही बिया जात असतील का?

फेब्रुवारी महिन्यात त्यानं एका छोट्या तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल आणला. वाळल्यावर त्याचं वजन भरलं ६.७५ औंस, म्हणजे साधारण १९० ग्रॅम. तो झाकून आपल्या अभ्यासिकेत ठेवला. सहा महिने त्यातून उगवणारं एकेक रोप तो उपटायचा आणि मोजायचा. एकूण रोपं निघाली ५३७. आणि हा सगळा चिखल न्याहारीच्या एका कपात मावला होता.

गोड्या पाण्यातल्या गोगलगायी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कशा जातात, हे बघायला त्यानं बदकाचे पाय मत्स्यपेटीत टांगले. नुकत्याच जन्मलेल्या इवल्याशा गोगलगायी त्यावर चढल्या आणि घट्ट चिकटल्या. पाण्याबाहेर दमट हवेत त्या १२ ते २० तास जिवंत राहिल्या. तेवढ्या वेळात बदक शेकडो मैल उडू शकतं.

सगळे प्रयोग जमले असं नाही. माशांनी बिया गिळाव्यात, त्या माशांना पक्ष्यांनी खावं आणि बिया दूर जाव्यात, अशी त्याची कल्पना होती. माशांसमोर बिया टाकल्या तर त्यांनी त्या तोंडात घेऊन जोरात थुंकून टाकल्या.

बागेत त्यानं तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जमिनीचा तुकडा खणून साफ केला. आपोआप उगवणाऱ्या प्रत्येक तणाच्या रोपाजवळ खूण केली. ३५७ रोपं उगवली, त्यातली २९५ मेली. बहुतेक गोगलगायी आणि किड्यांनी खाल्ली. जगण्याची धडपड ही कल्पना आपण पुस्तकात वाचतो. डार्विननं ती बागेच्या कोपऱ्यात रोप-रोप मोजली होती.

हे सगळे आकडे आणि निरीक्षणं २४ नोव्हेंबर १८५९ ला आलेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात आहेत. जगाला हादरवणाऱ्या या पुस्तकात बीगलचा प्रवास जसा आहे, तसाच न्याहारीचा कपही आहे.

घरातली दुःखं आणि एक भीती

हे घर फक्त प्रयोगांचं नव्हतं. डार्विन आणि एमाला १० मुलं झाली, त्यातली ३ लहानपणीच गेली. सर्वांत मोठा घाव होता अ‍ॅनीचा. १० वर्षांची ही लाडकी लेक एप्रिल १८५१ मध्ये गेली. १८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पत्र आलं. त्यात डार्विनचीच कल्पना दुसऱ्यानं स्वतंत्रपणे मांडलेली होती. त्याच आठवड्यांत धाकटा चार्ल्स वेअरिंग तापानं दगावला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे लेख वाचले गेले, तेव्हा डार्विन तिथं नव्हता.

इथं पुन्हा ते नातं येतं. एमा ही मामाची मुलगी. आपल्याकडंही अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्येही ते सर्रास होतं. पण मुलांची नाजूक तब्येत बघून डार्विनला मनात एक भीती सतावायची. आपल्या जवळच्या नात्यातल्या लग्नाचा हा परिणाम तर नसेल?

माणसांवर प्रयोग करता येत नाही. पण झाडांवर येतो. बागेत एका फुलझाडाचे दोन वाफे शेजारी शेजारी होते. एक स्वतःच्याच परागापासून झालेल्या बियांचा, दुसरा दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून झालेल्या बियांचा. खरं तर ते वाफे दुसऱ्याच प्रश्नासाठी केले होते. पण संकरातली रोपं उंच आणि जोमदार दिसत होती. डार्विननं हे धरून ठेवलं आणि पुढची ११ वर्षं तो हाच प्रयोग निरनिराळ्या वनस्पतींवर करत राहिला. झाडांवर जाळी टाकायची, हातानं परागण करायचं, दोन्ही प्रकारच्या बिया एकाच कुंडीत समोरासमोर लावायच्या आणि उंची मोजायची. संकरातली रोपं बहुतेक वेळा वरचढ ठरली. १८७६ मध्ये यावर पुस्तक आलं.

यातले मक्याच्या १५ जोड्यांचे आकडे पुढं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यानं १९३५ च्या आपल्या पुस्तकात वापरले. प्रयोग कसा आखावा हे शिकवणारं ते पुस्तक आजही संख्याशास्त्रात महत्त्वाचं मानलं जातं.

अंथरुणातून बघितलेला वेल

आजारपणात डार्विन खोलीतून बाहेर पडू शकत नसे. मग त्यानं कुंडीतला हॉपचा वेल खोलीत आणून ठेवला. बिअरला कडवटपणा देणारा हाच तो वेल. दिवस-रात्र बघताना लक्षात आलं की वेलाचं टोक हवेत गोल फिरत आधार शोधतं. एक फेरी साधारण २ तास ८ मिनिटांत पूर्ण होते. वेल चढतो हे सगळ्यांना माहीत होतं. तो आधी चाचपडतो, हे इतकं बारकाईनं मोजलं गेलं या आजाऱ्याच्या खोलीत.

ड्रॉसेराचंही तसंच. ही कीटक खाणारी वनस्पती, आपल्याकडं कास पठारावरही दिसते. १८६० च्या उन्हाळ्यात तिच्या चिकट पानांवर किडे अडकलेले पाहून डार्विननं तिला काय काय खाऊ घातलं! मांसाचे तुकडे, दूध, अंड्याचा पांढरा भाग. केसाचा अगदी बारीक तुकडा ठेवला तरी पानावरचे तंतू वाकायचे, पण पावसाचे थेंब पडले तर हालचाल नाही. उपयोगाचं काय आणि निरुपयोगी काय, हे पान ओळखत होतं. एमा थट्टेनं म्हणायची की ही वनस्पती प्राणीच आहे असं सिद्ध करायचा याचा बेत दिसतोय.

मुलगा फ्रान्सिस मोठा झाल्यावर मदतीला आला. दोघांनी गवताच्या अंकुरांवर एक सुंदर प्रयोग केला. अंकुर उजेडाकडं वाकतो. पण उजेड त्याला नेमका कुठं कळतो? त्यांनी काही अंकुरांच्या टोकांवर काळ्या, उजेड न जाणाऱ्या चिमुकल्या टोप्या घातल्या. टोपीवाले अंकुर सरळच वाढले. म्हणजे उजेड जाणवतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. याचा अर्थ टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. हे १८८० मध्ये छापलं गेलं. तो निरोप म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे १९२० च्या दशकात पुढं आलं.

पियानोवर गांडुळं

आणि आता परत त्या कुरणाकडं.

नोव्हेंबर १८७१ च्या अखेरीस डार्विननं तिथं चर खणायला लावला. चराच्या दोन्ही बाजूंना खडूच्या तुकड्यांची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. जमिनीपासून ७ इंच खाली. वर्षाला साधारण पाव इंचापेक्षा थोडं कमी. १८४२ मध्ये ३३ वर्षांचा असलेला माणूस आता ६२ वर्षांचा होता.

एवढी वर्षं थांबायची गरज का होती? कारण गांडुळांबद्दल त्यानं जे सांगितलं होतं ते अनेकांना पटत नव्हतं. १८६९ मध्ये एका टीकाकारानं म्हटलं होतं की एवढासा दुबळा जीव एवढं प्रचंड काम करूच शकत नाही. डार्विनला या आक्षेपात ओळखीचं काहीतरी दिसलं. उत्क्रांतीवर घेतले जाणारे आक्षेपही असेच होते. अगदी लहान बदल खूप काळ साठत गेला तर काय होतं, याची बेरीज आपल्या मनाला सहज करता येत नाही. आता त्याच्याकडं ती बेरीज दाखवणारी पांढरी रेघ होती.

मग घरात गांडुळांच्या कुंड्या आल्या. गांडुळांना ऐकू येतं का? कुणी शिट्टी फुंकली, कुणी बॅसून नावाचं भसाड्या आवाजाचं वाद्य जोरात वाजवलं, कुणी पियानो. गांडुळं ढिम्म. पण त्याच कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि एक स्वर दाबला, तर ती झटकन बिळात. म्हणजे हवेतला आवाज कळत नाही, पण स्पर्शातून येणारं कंपन लगेच कळतं.

गांडुळं बिळाचं तोंड पानांनी बंद करतात. ती पान कसंही ओढतात की विचार करून? हे बघायला डार्विननं कागदाचे ३०३ लांबट त्रिकोण कापले, ओलाव्यानं लोळागोळा होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि बागेत टाकले. ६२ टक्के त्रिकोण निमुळत्या टोकाकडून आत ओढलेले सापडले. बिळात ओढायला तीच बाजू सोयीची. ज्या जीवाला डोळे नाहीत, तो आकार चाचपून काहीतरी ठरवतो, असं त्यानं जपून नोंदवलं.

१८७७ मध्ये ६८ वर्षांचा डार्विन प्रवास करून स्टोनहेंजला गेला. कशासाठी? तिथले पडलेले प्राचीन दगड गांडुळांमुळं किती खचलेत ते बघायला. भारतातून, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून आणि निलगिरीच्या डोंगरांतून, गांडुळांच्या विष्ठेचे नमुनेही त्यानं मिळवले.

ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याचं शेवटचं पुस्तक आलं, फक्त गांडुळांवर. त्यातला हिशेब असा की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी, दर वर्षी १० टनांहून जास्त माती गांडुळांच्या शरीरातून जाते. पुस्तकाच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, हे आपण शाळेत शिकतो. त्यामागं या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

शेवटचं पाकीट

१८८२ च्या सुरुवातीला डार्विनचं हृदय थकलं होतं. तेव्हा नॉर्दम्प्टनमधल्या एका हौशी निसर्गअभ्यासकाचं पत्र आलं. त्याचा धंदा बुटांचा, नाव वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक. त्याला पाण्यातला एक भुंगेरा सापडला होता, ज्याच्या पायाला एक चिमुकला शिंपला घट्ट चिकटला होता. डार्विननं खोदून खोदून प्रश्न विचारले. भुंगेरा पाकिटातून डाऊनला आला.

२७ वर्षांपूर्वी बाटल्यांत बिया भिजवताना पडलेला प्रश्न तोच होता. जीव एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचतात कसे? त्याला आणखी एक छोटं उत्तर मिळालं होतं. डार्विननं त्यावर छोटा लेख लिहिला आणि तो ६ एप्रिल १८८२ च्या 'नेचर' मध्ये छापून आला. १९ एप्रिलला डार्विन घरीच गेला, वयाच्या ७३ व्या वर्षी. गावातच दफन व्हावं अशी कुटुंबाची इच्छा होती, पण त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये जागा देण्यात आली.

पाकीट पाठवणाऱ्या क्रिकचा नातू म्हणजे फ्रान्सिस क्रिक. १९५३ मध्ये जेम्स वॉटसनसोबत डीएनएची रचना उलगडणारा तोच.

आणि आपल्या घरात?

डार्विनची सवड आपल्याकडं नाही, त्याची बागही नाही. पण त्याचे बरेचसे प्रयोग खिडकीच्या कट्ट्यावर मावतात.

एका वाटीत गहू पेरा. अंकुर अर्धा-पाऊण इंच झाले की काहींच्या टोकांवर अॅल्युमिनियम फॉइलच्या बारीक टोप्या घाला आणि वाटी अशा ठिकाणी ठेवा जिथं एकाच बाजूनं उजेड येतो. दुसऱ्या दिवशी टोपीवाले आणि बिनटोपीवाले शेजारी शेजारी बघा. पावसाळा संपता संपता तळ्याकाठचा चार चमचे चिखल आणून बशीत ओला ठेवा आणि किती रोपं येतात ते मोजा. स्वयंपाकघरातली मोहरी, मेथी, धणे मिठाच्या पाण्यात भिजवा, दर दोन दिवसांनी थोडे दाणे काढून पेरा. सोबत साध्या पाण्यात भिजवलेले दाणेही ठेवा, म्हणजे तुलना करता येईल.

वही मात्र हवी. तारीख, किती पेरले, किती उगवले. आणि आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं काही झालं, तर ते सगळ्यात आधी लिहायचं.